नवऱ्याच्या पणजोबांचा माग : नॉर्वे, डाकोटा, सस्कॅचेवान. सुरुवात कुठून करू?

तासगावकरीण

नमस्कार मंडळी. मी मूळची तासगावची, लग्न होऊन सास्काटूनला आले. सासर नॉर्वेजियन वंशाचं, पण नॉर्वेतलं गाव कुठलं, मागे कोण राहिलं, हे घरात कुणालाही सांगता येत नाही. सासरे पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आजोबांनी या प्रांतात पहिल्यांदा जमीन केली, त्या आजोबांचा माग काढायचाय. येत्या उन्हाळ्यात सासऱ्यांना त्या शेतावर एकदा नेऊन आणावं असं मनात आहे, म्हणून जरा घाई.

घरात सांगतात ते असं. आजोबा १८४७ साली नॉर्वेहून निघाले. आधी मिनेसोटा, मग डाकोटा, आणि तिथून आगगाडीच्या डब्यात घोडे, नांगर, कोंबड्या घालून कॅनडात. आता १८४७ साली ते कर्ते पुरुष होते म्हणावं, तर सासऱ्यांचे वडील जन्मले १८९५ साली. म्हणजे तेव्हा आजोबांची सत्तरी उलटलेली हवी! हे मी जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवलं, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की बास.

हातात तीन गोष्टी आहेत.

एक लाकडी पेटी. झाकण घुमटासारखं, लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, हिरवट निळ्या रंगावर लाल-पिवळी वेलबुट्टी. समोर १८४७ आणि एका बाईचं नाव, शेवटी ‘डाटर’.

दुसरा एक फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मातीच्या ढेकळांचं घर, छपरावर गवत उगवलेलं, दारात एक पुरुष, दोन बायका आणि एक गाय. खाली फोटोग्राफरच्या नावाशेजारी सोनेरी अक्षरांत ‘मेव्हिल, डी. टी.’. दोघींपैकी उंच बाई म्हणजे आजोबांची थोरली बहीण. सासरे म्हणतात, ते घर तिचंच होतं. बाकीचे हसतात. त्या काळी बाईच्या नावावर कुठलं घर!

तिसरी इथल्या करभरणीची जुनी पावती. त्यावर जमिनीचा नंबर आहे : एन डब्ल्यू, मग एक सम आकडा (तो इथे मुद्दाम देत नाही), मग २९, मग ८, मग डब्ल्यू ३.

नावही देत नाही. ओले ओल्सन समजा. खरं नाव त्याच तोलाचं आहे. अमेरिकन सरकारच्या जमिनीच्या संकेतस्थळावर टाकलं तर या नावाची अख्खी जत्रा निघते.

माझ्या वडिलांच्या द्राक्षबागेचा सातबारा आणि मागचे फेरफार काढायचे तर तलाठ्याकडे जायचं एवढं मला कळतं. इथे कुणाच्या दारात उभं राहायचं?

---

भूकरमापक_सातारा

ताई, नाव बाजूला ठेवा. जमीन धरा. माणसाचं नाव तीन देशांत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, जमिनीचा नंबर हलत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. मुलगी विनिपेगला असते, तिच्याकडे गेलो की दुसरा उद्योग नसतो म्हणून तिथली मोजणी समजून घेतली. तुमच्या पावतीवरचा नंबर उलटा वाचायचा, शेवटून.

डब्ल्यू ३ म्हणजे तिसऱ्या प्रमुख रेखावृत्ताच्या पश्चिमेला. हे रेखावृत्त १०६ अंश पश्चिम. ८ म्हणजे तिथून पश्चिमेकडे आठवा उभा पट्टा, त्याला रेंज म्हणतात. पट्टा सहा मैलांचा, म्हणजे तुमची जमीन रेखावृत्तापासून ४२ ते ४८ मैलांत. २९ म्हणजे अमेरिकेच्या हद्दीपासून, ४९ अक्षांशापासून, उत्तरेकडे एकोणतिसावी टाउनशिप, म्हणजे मोजणीचा सहा मैलांचा चौकोन. खाली अठ्ठावीस गेल्या, प्रत्येकी सहा मैल, वर रस्त्यांची रुंदी धरा. हद्दीपासून साधारण १७० मैल झाले. नकाशावर हे आउटलुक गावापाशी येतं, साउथ सस्कॅचेवान नदीच्या काठी. तुमच्या सास्काटूनहून गाडीने दीड तासाच्या आत पोचाल.

एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर, त्याचे चार तुकडे. एन डब्ल्यू म्हणजे वायव्येचा तुकडा, १६० एकर. आपल्या हिशेबाने ६,४०० गुंठे, एका माणसाला! सेक्शनचे आकडे कॅनडात आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी वर चढतात, अमेरिकेत ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात. डाकोटाचा नकाशा बघाल तेव्हा हे ध्यानात ठेवा, नाहीतर भलत्याच माणसाच्या बांधावर जाऊन उभ्या राहाल.

आकडा सम आहे हे बरं झालं. विषम सेक्शन बहुतेक रेल्वे कंपन्यांसाठी राखून ठेवत, ११ आणि २९ शाळांसाठी. सम आकड्यांतला ८ आणि बहुतेक ठिकाणी २६ चा मोठा भाग हडसन्स बे कंपनीचा. उरलेले सम सेक्शन होमस्टेडला खुले, म्हणजे तिथे राहून कसणाऱ्याला सरकार जमीन द्यायचं. तेव्हा तुमचा आकडा ८ किंवा २६ नसेल तर आजोबांनी ही जमीन सरकारकडून होमस्टेड म्हणून घेतली असण्याचा संभव दांडगा आहे.

आता कागद. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याखाली दहा डॉलर भरून माणूस १६० एकरांवर नाव लावायचा. तीन वर्षं, दरसाल निदान सहा महिने राहायचं, घर बांधायचं, ठरलेले एकर नांगरायचे. मग शपथेवर जबाब, दोन शेजाऱ्यांची साक्ष, आणि शेवटी मालकीचा कागद, त्याला पेटंट म्हणतात. ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या यादीत ही पेटंटं सापडतात, पण ती ज्यांनी तडीस नेलं त्यांचीच. कित्येक जण एक हिवाळा काढून पळाले, ते त्या यादीत नाहीत. तुम्हाला हवी ती होमस्टेडची फाइल. १९३० साली जमिनीचा कारभार प्रांतांकडे आला, त्यामुळे सस्कॅचेवानच्या फाइली रिजायनाला प्रांतिक अभिलेखागारात आहेत. फाइल तुकड्याची असते, त्यामुळे आजोबांच्या आधी कुणी नाव लावून सोडून गेलं असेल तर त्याचेही कागद आत निघतात. सातबाऱ्यामागचे सगळे फेरफार एकाच दोऱ्यात ओवून द्यावेत तसं काम आहे. प्रांताच्या वंशावळ संस्थेने या फाइलींतल्या नावांची सूची केलेली आहे. तिच्यात नावाने शोधा, पण मिळालेला तुकडा पावतीशी ताडून घ्या.

दुसरं, १९०६ ची जनगणना. ही फक्त मॅनिटोबा, सस्कॅचेवान, आल्बर्टा या तीन प्रांतांत झाली. कुटुंबासमोर सेक्शन, टाउनशिप, रेंज लिहायला रकाने आहेत, कॅनडात कोणत्या साली आले ते आहे, आणि घोडे, दुभत्या गायी, डुकरं किती हेही आहे. नाव कसंही लिहिलेलं असो, २९-८ ची पानं उघडा आणि ओळीने वाचत जा.

आणि फेरफाराची पहिली ओळ बघायची खोड आहे म्हणून सांगतो. १८७० साली हा सगळा मुलूख हडसन्स बे कंपनीकडून कॅनडाला मिळाला, तीन लाख पौंडांत. त्यावर राहणाऱ्या क्री वगैरे लोकांना विचारलं कुणी नाही. त्यांच्याशी करार झाले ते नंतर, चौथा १८७४ साली, सहावा १८७६ साली. ‘रिकामी जमीन’ असं जाहिरातीत छापत. मोजणीदार साखळी घेऊन गेले तेव्हा ती रिकामी नव्हती, रिकामी करून घेतलेली होती.

---

एडमंटनचा_पक्या

काकांनी एवढं सांगितल्यावर मी काय बोलू! दोनच गोष्टी.

सस्कॅचेवानमध्ये गावोगाव स्थानिक इतिहासाची जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. प्रांताला १९५५ साली ५० वर्षं झाली आणि १९८० साली ७५, तेव्हा तर पूरच आला. घराघराने आपापली हकीकत लिहून दिलेली असते. निम्मी बढाई असते ते सोडा, पण कोण कुणाचा शेजारी होता ते बरोबर असतं. आउटलुकच्या ग्रंथालयात आधी विचारा.

आणि सासऱ्यांना न्यायचं ते पेरणी उरकल्यावर न्या. त्या भागाच्या ग्रामीण नगरपालिकेकडून नकाशा घ्या, त्यावर आजच्या मालकाचं नाव असतं. आधी फोन करून परवानगी मागा. लोक चांगले असतात, कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाहीत, पण न विचारता पिकात गाडी घातलेली कुणाला खपत नाही. पाऊस झाला असेल तर खडीच्या ग्रिड रोडवरून खाली उतरू नका. ती माती चाकाला धरली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

---

मिनियापोलिस_ग्रंथपाल

तासगावकरीण, तुमच्या सासऱ्यांवर हसणाऱ्यांना जरा थांबायला सांगा.

आधी पेटी. १८४७ हे निघण्याचं साल नव्हे. अशा पेट्यांवर पेटी केल्याचं किंवा लग्नाचं साल घालत, नाव बहुधा नवरीचं. ही पेटी आजोबांच्या आईची किंवा आजीची असू शकते, किंवा सासऱ्यांच्या आजीकडची. घरच्या गोष्टीतलं १८४७ बहुधा तिथूनच आलं असणार. रोज डोळ्यांसमोर असलेला आकडा गोष्टीत जाऊन बसतो. पेटीवरचं ‘अमकीडाटर’ मात्र फार मोलाचं आहे. ‘अमकी’ हे तिच्या वडिलांचं नाव. नॉर्वेजियन बायका लग्नानंतरही हेच नाव लावत. पुरुषांचं बघायला गेलात तर ओलेचा मुलगा ओल्सन, शिवाय ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव पुढे. दुसऱ्या शेतावर मुक्काम हलला की तेही बदलायचं. अमेरिकेत आल्यावर एका गावात दहा ओले ओल्सन झाले, पत्रं भलत्याच्या हातात पडायला लागली, म्हणून पुष्कळांनी शेताचं नाव आडनाव म्हणून घेतलं. तुमच्याकडचं आडनाव ‘सन’चं असलं तरी चर्चच्या वहीत त्यांच्यापुढे शेताचं नाव सापडू शकतं.

आता फोटो. डी. टी. म्हणजे डाकोटा टेरिटरी. नॉर्थ डाकोटा राज्य झालं २ नोव्हेंबर १८८९ ला. पुठ्ठा त्याच्या आधी छापलेला, तेव्हा फोटो १८८० च्या दशकातला धरा. (जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरणारे फोटोग्राफर असायचेच, एखाद्या वर्षाची सूट द्या.) मेव्हिल हे ट्रेल परगण्यात, रेड नदीच्या खोऱ्यात. तिथे नॉर्वेजियन वस्ती इतकी दाट होती की प्रवचनं नॉर्वेजियनमध्येच व्हायची.

आणि आता ती उंच आत्या. अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यात एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या बिनलग्नाच्या बाईला स्वतःच्या नावावर १६० एकर मागता येत होते. परदेशातून आलेली असेल तर नागरिक व्हायचा इरादा जाहीर केला की पुरे. डाकोटात अशा बायका भरपूर होत्या. कॅनडात उलट : विधवा किंवा तत्सम कुटुंबप्रमुख असल्याशिवाय बाईला होमस्टेड नाही. त्यामुळे घरातल्या पुढच्या पिढ्यांना, ज्या सस्कॅचेवानात वाढल्या, बाईच्या नावावर घर हे पटतच नसणार. आजोबा सापडत नाहीत ना? आत्या शोधा. तिचं नाव शोधताना मात्र ‘डाटर’ही टाका आणि भावाचं ‘सन’ही, कारकुनाला जे सुचेल ते तो लिहायचा.

तुम्ही बघितलेलं अमेरिकन संकेतस्थळ नावाने शोधलं तर पेटंटंच दाखवतं. परगणा ट्रेल एवढाच ठेवा, जत्रा ओसरेल. आजोबा तरीही नाहीत, तर त्यांनी एक तर विकत घेतलेली जमीन केली, किंवा हक्क मध्येच सोडला. सोडलेल्या नोंदी ट्रॅक्ट बुकांत असतात, ती वही टाउनशिपप्रमाणे लावलेली आहे आणि स्कॅन करून ठेवलेली आहे. शिवाय १८७९ पासून पुरावा द्यायच्या आधी स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागायची, त्यात जमिनीचा नंबर आणि चार साक्षीदारांची नावं. हे साक्षीदार म्हणजे शेजारी, आणि शेजारी म्हणजे बहुतेकदा नॉर्वेतल्या त्याच खोऱ्यातली माणसं. माणूस हरवला तर त्याच्या साक्षीदारांचा माग काढायचा.

जनगणनेत १८९० चं साल विसरा, जवळजवळ सगळी जळाली. १८८५ ची डाकोटा टेरिटरीची आहे. १९०० ची सगळ्यात कामाची : प्रत्येकाचा जन्म कुठल्या महिन्यात, कुठल्या साली, कुठल्या राज्यात, शिवाय देशात कधी आला ते. मुलांची जन्मस्थळं ओळीने वाचा, थोरला मिनेसोटा, मधला डाकोटा, की कुटुंबाचा प्रवास आपोआप उलगडतो.

नॉर्वे शेवटी. लोक उलट करतात, थेट नॉर्वेत उडी मारतात आणि दहा ओल्सनांत बुडतात. आधी ट्रेल परगण्यातल्या ल्यूथरन चर्चच्या वह्या बघा. पाद्री बरेचदा नॉर्वेतली पॅरिश, म्हणजे त्या माणसाचं चर्च ज्या भागाचं तो भाग, लिहून ठेवायचे. ती एकदा हातात आली की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटालार्किव्हेट फुकट आहे, पॅरिशच्या वह्यांत गाव सोडून गेलेल्यांची वेगळी यादी असते. ओस्लो, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियाहून निघाले असतील तर पोलिसांच्या स्थलांतर नोंदवह्या १८६७ पासूनच्या आहेत.

---

तासगावकरीण

मंडळी, सांगण्यासारखं बरंच साचलंय.

१९०६ ची पानं काकांनी सांगितलं तशी ओळीने वाचली. आजोबा सापडले! आडनावातली दोन अक्षरं कारकुनाने गाळलीत, म्हणून नावाने कधीच आले नसते. जमिनीचा नंबर पावतीशी तंतोतंत जुळतो. चार घोडे, दोन दुभत्या गायी. कॅनडात आल्याचं साल १९०५. म्हणजे प्रांताचा आणि आमच्या घराचा जन्म एकाच सालचा. बायको आणि मुलं मात्र त्या पानावर नाहीत. एकटेच!

रिजायनाहून फाइलही आली. पहिल्या पानावर आजोबांच्या आधीच्या माणसाचं नाव, आणि त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’. मग आजोबांचा अर्ज. शेवटचा राहता पत्ता : ट्रेल परगणा, नॉर्थ डाकोटा. धंदा : शेती. कुटुंबात माणसं : सात. जबाबाच्या कागदावर छापील प्रश्न आणि समोर कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात उत्तरं. घर १४ बाय २० फूट, लाकडी. विहीर आहे. पहिल्या वर्षी १२ एकर नव्याने नांगरले, दुसऱ्या वर्षी २०. खाली आजोबांची सही. एकेक अक्षर सुटं, दाबून काढलेलं, आणि आडनाव पुरतं, एकही अक्षर न गाळता. ब्रिटिश प्रजाजन झाल्याचा दाखला मागे टाचलेला.

गंमत पुढे आहे. दरवर्षी गैरहजर कधी होता आणि का, असं विचारलेलं आहे. त्याला उत्तर : १९०६-०७ चा हिवाळा डाकोटात, ‘बहिणीच्या शेतावर, कुटुंब तिथे असल्याने’. म्हणजे बायकामुलांना आत्याकडे ठेवून हे आधी एकटे आले होते. मग आत्याच्या नावाने अमेरिकन संकेतस्थळ उघडलं, परगणा ट्रेल, नाव ‘डाटर’सकट. एकच नोंद आली. १६० एकर. सासऱ्यांना छापून दिलं, त्यांनी काही न बोलता ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. आता जो येतो त्याला वाचावं लागतं.

काका, आजोबांच्या शेजारच्या तुकड्यावर १९०९ साली थोरल्या मुलाचं नाव लागलंय. हे नेहमीचं का?

पक्या, मालकांना फोन केला. या म्हणाले, पण जूनच्या शेवटी.

ग्रंथपालताई, आत्याची फाइल वॉशिंग्टनहून मागवायची तर कसं? पेटंटावर मला लँड ऑफिसचं नाव दिसतंय. तेवढं पुरेल का?

---

भूकरमापक_सातारा

अगदी नेहमीचं. मुलगा अठराचा झाला की त्यालाही स्वतःचे १६० एकर मागता यायचे. डाकोटात तोवर जमिनीचे भाव चढलेले, तीन-चार मुलांना तिथे कोण जमीन घेऊन देणार? म्हणून मुलं वयात येत असताना बाप निघायचे. बाकीच्या मुलांचीही नावं आसपासच्या सम सेक्शनांत बघा. धाकट्याला दूरची, खडकाळ मिळालेली असेल.

आणि त्या ‘रद्द’ माणसाचे कागद फेकू नका. त्याने काय नांगरलं, काय बांधलं याची नोंद असेल तर आजोबांना जमीन कशा अवस्थेत मिळाली ते कळेल.

---

मिनियापोलिस_ग्रंथपाल

लँड ऑफिसचं नाव आणि सोबत सर्टिफिकेट नंबर, दोन्ही हवेत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा नॅटफ ८४ नावाचा फॉर्म आहे, तो ऑनलाइन भरता येतो. जमिनीचा पूर्ण नंबरही टाका, म्हणजे शोधणाऱ्याला सोपं जातं. आत्या परदेशातून आलेली, त्यामुळे फाइलमध्ये नागरिकत्वाचा कागद असायला हवा. तिचे साक्षीदार कोण ते आल्यावर इथे कळवा, ट्रेलच्या चर्चच्या वह्या मी बघून देते. सर्टिफिकेट नंबर पेटंटाच्या डाव्या कोपऱ्यात वर असतो, अर्जाच्या नंबराशेजारीच. दोन्ही आकडे उतरवून घ्या.